रखमाबाईंचा नकार

शासकीय रुग्णालयातल्या गरोदर मातांच्या ओपीडीत केसपेपरवर वय लिहिताना डॉक्टरचा हात कधी कधी थबकतो. मुलगी समोर बसलेली असते, पण वय विचारले की उत्तर सासू देते. एकोणीस पूर्ण, असे ती ठामपणे सांगते. मुलीकडे पाहिले तर तिने मान खाली घातलेली असते. आधार कार्ड नेमके घरी राहिलेले असते. हिमोग्लोबिन सातच्या आसपास, वजन जेमतेम चाळीस किलो. नवरा दाराबाहेर उभा असतो, तोही पोरसवदाच. आपल्या हातून काही वाईट घडले आहे, असे या घरातल्या कोणालाच वाटत नसते. स्थळ चांगले आले, मुलगा कमावता आहे, आमच्याकडे सगळ्यांच्या मुलींची लग्ने अशीच होतात, हे ते अगदी मनापासून सांगतात.

स्त्रीवरील हिंसा म्हटले की आपल्याला मारहाण आठवते, दारू पिऊन आलेला नवरा आठवतो. ती हिंसा आहेच. पण हिंसेचा फार मोठा भाग रीत म्हणून चालतो. त्यात कोणी खलनायक दिसत नाही. घरातली माणसे चांगली असतात, शेजारी चांगले असतात आणि तरीही एका मुलीच्या शरीराचा निर्णय तिला न विचारता झालेला असतो. ही रीत मोडायची कशी, या प्रश्नाशी एका मराठी बाईने सुमारे १४० वर्षांपूर्वी एकटीने झुंज घेतली आणि पुढे ती डॉक्टर झाली. तिचे नाव डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या आई जयंतीबाई. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी मूल आणि सतराव्या वर्षी वैधव्य, असा त्यांचा प्रवास. आजच्या हिशेबाने दहावी-बारावीच्या वयात त्यांचे सगळे आयुष्य घडून संपल्यासारखे झाले होते. मात्र त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. त्या वेळी रखमा आठ वर्षांची होती. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता जयंतीबाईंनी पुनर्विवाहापूर्वी मुलीच्या नावे केली. पुढच्या कथेत या मालमत्तेलाही स्थान आहे.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामवंत डॉक्टर. वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र या दोन्हींत त्यांचा अधिकार होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधील संस्थापकांत जे मोजके भारतीय होते, त्यांत ते एक. एवढा शिकलेला, सुधारणांशी सहानुभूती असलेला माणूस घरात असूनही रखमाचे लग्न अकराव्या वर्षी झालेच. नवरा दादाजी भिकाजी त्या वेळी १९ वर्षांचा होता आणि सखाराम अर्जुनांच्या नात्यातलाच होता. एखाद्या घरात विज्ञान आले म्हणून रीत आपोआप बाहेर जात नाही, हे यातून दिसते. डॉक्टरांच्या घरातही ती तितक्याच सहजपणे नांदते.

एक फरक मात्र सखाराम अर्जुनांनी केला. दादाजीने सासुरवाडीस राहून शिक्षण घ्यावे, असे ठरले होते. रखमा वयात आल्यावर रूढीप्रमाणे गर्भाधानाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी नकार दिला. इतक्या लहान वयात शरीरसंबंध आणि गर्भधारणा यांचा मुलीच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते. दादाजीचे शिक्षणात मन रमले नाही. तो आपल्या मामाकडे राहायला गेला. रखमा आईजवळच राहिली. लग्नानंतर शाळा सुटली होती, तरी तिने घरी पुस्तके आणून वाचन चालू ठेवले, मिशनच्या ग्रंथालयाचा उपयोग केला, प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या मंडळींत ती वावरू लागली. वाढत्या वयाबरोबर तिचे मत पक्के होत गेले. जे लग्न आपल्या समजुतीच्या आणि संमतीच्या आधीच लावले गेले, ते आपल्याला बांधील नाही, असे ते मत होते.

१८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत सासऱ्यांना नोटीस पाठवली. माझ्या बायकोला माझ्याकडे पाठवा, असा तिचा आशय. रखमाबाई गेल्या नाहीत आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. दावा होता वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा. सोप्या भाषेत सांगायचे तर बायकोने नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, असा हुकूम कोर्टाने द्यावा, ही मागणी. दादाजीची प्रकृती, त्याची गरिबी, मामाच्या घरातले वातावरण असे बरेच मुद्दे बचावात मांडले गेले. पण या साऱ्याच्या तळाशी प्रश्न एकच होता. बाईच्या इच्छेविरुद्ध तिचे शरीर कोणाच्या स्वाधीन करता येते का?

खटला उभा राहण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. पाठीशी उभा राहणारा घरातला वडीलधारा माणूस गेला. रखमाबाई तेव्हा २० वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने दोन पत्रे छापून आली. पहिले बालविवाहाविषयी, दुसरे सक्तीच्या वैधव्याविषयी. ती पत्रे रखमाबाईंची होती, हे नंतर उघड झाले. लहानपणी लग्न झालेला मुलगा शाळेत जाऊ शकतो, पुढे शिकू शकतो, हवे तर दुसरी बायकोही करू शकतो. मुलीची मात्र शाळा सुटते, शरीर पुरते वाढण्याआधी तिच्यावर मातृत्व येऊन पडते आणि तिची बुद्धी खुरटते. या पत्रांत त्यांनी ही विषमता स्वतःच्या अनुभवाच्या आधारे मांडली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. हा दावा इंग्लंडच्या कायद्यातून आला आहे आणि तिथे तो प्रौढ वयात, संमतीने लग्न केलेल्या माणसांसाठी आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही आणि नको असलेल्या माणसाकडे एका तरुण स्त्रीला जबरदस्तीने पाठवणे क्रूरपणाचे ठरेल, असा त्यांच्या निकालाचा रोख होता.

या निकालाने वादळ उठले. अनेक वृत्तपत्रांना त्यात धर्मावर आलेले संकट दिसले. मुली इंग्रजी शिकल्या की नवऱ्यांना सोडून जाणार, कुटुंबे मोडणार, असा सूर निघाला. लोकमान्य टिळकांच्या केसरीने आणि मराठानेही रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि खटल्याच्या मदतीसाठी समिती स्थापन झाली. तिच्या मालमत्तेचीही चर्चा झाली. दादाजीला बायको हवी की बायकोची संपत्ती, असे तिच्या बाजूचे लोक विचारत. तर घरच्यांना मालमत्ता हातची जाऊ द्यायची नाही म्हणून मुलीला फूस लावली, असे विरोधक म्हणत. त्या मुलीचे स्वतःचे काही मत असू शकते, हे मान्य करायला फार थोडे लोक तयार होते.

दादाजीने अपील केले. १८८६ मध्ये वरिष्ठ न्यायपीठाने आधीचा निकाल बाजूला ठेवून खटला पुन्हा चालवण्यास सांगितले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा. रखमाबाईंनी उत्तर दिले की तुरुंगात जाईन, पण त्या घरी जाणार नाही. वय २२ वर्षे. गुन्हा कोणताही नाही.

या तारखेच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या होत्या. त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातूनच त्या वैद्यक शिकायला अमेरिकेत गेल्या. एका आठवड्याच्या आत एक मराठी स्त्री डॉक्टर होऊन मृत्यू पावली आणि जी पुढे डॉक्टर होणार होती, तिला तुरुंगाचा हुकूम मिळाला. दोघींच्या आयुष्याला वळण देणारी रीत एकच होती.

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. प्रकरण इंग्लंडच्या वृत्तपत्रांत गाजले. तिथल्या वाचकांसाठी रखमाबाईंनी आपली मागणी स्पष्ट लिहिली होती. मुलगा २० आणि मुलगी १५ वर्षांची होण्याआधी झालेले लग्न कोर्टापुढे आले, तर ते कायदेशीर धरू नये, एवढीच ती होती. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी मागण्याचा हक्क सोडला. त्याने पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाईंना ती मोकळीक नव्हती. कागदावर त्या त्याच्याच पत्नी राहिल्या.

खटला मिटला, पण प्रश्न मिटला नाही. १८९० च्या जूनमध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची सुमारे ११ वर्षांची मुलगी मरण पावली. तिचा नवरा पस्तिशीच्या आसपासचा होता. त्याने केलेल्या शरीरसंबंधात तिला जखमा झाल्या आणि रक्तस्रावाने तिचा जीव गेला. कायद्यात संमतीचे वय १० होते आणि तिने ते ओलांडले होते. त्यामुळे बलात्काराचा आरोप लागूच होऊ शकला नाही. कमी गंभीर कलमाखाली नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

इथे वैद्यकाची भूमिका नोंदवण्यासारखी आहे. त्या काळात भारतात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. त्यासोबत त्यांनी बालवधूंची प्रकरणे जोडली: फाटलेली गुप्तांगे, मोडलेली हाडे, कायमचे अपंगत्व, मृत्यू. जे घराच्या आत घडत होते आणि ज्याला लग्नाचा नित्यक्रम म्हटले जात होते, त्याला त्यांनी इजा हा शब्द वापरला. रीत बदलण्याची पहिली पायरी बहुधा हीच असते. जे चालत आले आहे त्याचे खरे नाव कागदावर लिहिणे.

१८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला आणि वय १० वरून १२ झाले. टिळकांचा विरोध प्रामुख्याने परक्या सरकारने कायदा करण्याला होता. सुधारकांनी आधी स्वतःच्या घरात वयाचे बंधन पाळून दाखवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची खटल्यातली भूमिका आज पटणारी नाही, पण या म्हणण्यात एक अडचणीचे सत्य आहे. कायदा होऊनही त्याखाली फारसे खटले उभे राहिले नाहीत. घराच्या उंबऱ्यापर्यंत कायदा पोहोचतो. उंबऱ्याच्या आत घरातल्या माणसांचे मत चालते. मात्र हेही खरे की कायदाच नसता, तर तो प्रश्न चव्हाट्यावर येऊन त्यावर बोलणेही सुरू झाले नसते. दोन्ही हात लागतात.

रखमाबाईंनी आपले पुढचे उत्तर डॉक्टर होऊन दिले. मुंबईच्या कामा रुग्णालयातील इंग्रज डॉक्टर एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिले, निधी उभा राहिला आणि १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत शिकून १८९४ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले. मायदेशी परतल्यावर सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले. पहिली काही वर्षे संपतात न संपतात तोच प्लेगची साथ आली, त्यातही त्या कामावर राहिल्या. पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात निवृत्तीपर्यंत सेवा केली. पदवी मिळवून प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते.

त्या काळी पुरुष डॉक्टरांसमोर जाण्यापेक्षा घरीच मरण पत्करणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या घरचेही तेच योग्य मानत. अशा ठिकाणी एक स्त्री-डॉक्टर वर्षानुवर्षे बसते, बाळंतपणे सुखरूप करते, तेव्हा भाषण न देताही लोकांचा विचार हलतो. शेजारची वाचली, मग आपलीही नेऊ या, असे म्हणणारी पहिली सासू महत्त्वाची. तिच्यामागून दुसरी येते. रीत अशीच बनलेली असते आणि अशीच बदलते: दुसरे काय करतात, हे पाहून.

१९०४ मध्ये दादाजी वारला. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी स्वीकारली, असे त्यांचे चरित्र सांगते. ज्या लग्नाला त्यांनी भर कोर्टात नाकारले, त्या लग्नाचे वैधव्य त्यांनी पाळले. हे वाचून अनेकांना नवल वाटते, कोणाला रागही येतो. सुरतेसारख्या ठिकाणी एकट्या बाईला सन्मानाने काम करता यावे म्हणून त्यांनी ते केले, की मनात खोल रुजलेले काही होते, हे आता कोण सांगणार? मला मात्र त्यात ओपीडीतल्या अनेक बाया दिसतात. एका बाबतीत वाघिणीसारखे उभे राहायचे आणि दुसऱ्या बाबतीत लोकांचे ऐकायचे, असेच बहुतेकींना जगावे लागते. त्यांना दोष देण्याआधी भोवतालचे वजन किती आहे, ते पाहावे.

निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडदा पद्धत संपवण्याची गरज सांगणारी पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी शारदा कायदा संमत होऊन लग्नाचे किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरले. ज्या मागणीसाठी विशीत शिव्या खाल्ल्या, तिच्या अगदी जवळ पोहोचणारा कायदा त्यांना पासष्टीत पाहायला मिळाला. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज चित्र कुठे आहे? लग्नाचे वय १९७८ पासून मुलीसाठी १८ आहे. पत्नीच्या बाबतीत संमतीचे वय मात्र १८ व्हायला २०१७ उजाडावे लागले आणि तेही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. तोपर्यंत ते १५ होते. वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे, फक्त त्यासाठी कोणाला तुरुंगात टाकता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २००५-०६ मध्ये सुमारे ४७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते सुमारे २२ टक्के आहे. म्हणजे बदल झाला, तरी पाचातली एक मुलगी अजून रखमाच्याच रांगेत आहे. या मुलींची हाडे, कटिभाग पुरता वाढलेला नसतो. त्यामुळे बाळंतपण अडण्याचा, रक्तदाब वाढून झटके येण्याचा, कमी वजनाचे बाळ होण्याचा धोका वाढतो. रक्तक्षय बहुतेकींच्या पाचवीला पुजलेला असतो.

याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. न सांगता बाहेर जाणे, वाद घालणे, स्वयंपाक नीट न करणे, सासूसासऱ्यांचा मान न ठेवणे अशा काही कारणांपैकी एखादे तरी असेल, तर नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे म्हणणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के आणि पुरुष ४४ टक्के. बायकाही तितक्याच. मार खाणारीलाच तो योग्य वाटत असेल, तर ती केसपेपरवर पाय घसरून पडले असेच लिहून घेणार. फक्त शिक्षेची भीती इथे पुरत नाही. जे योग्य मानले जाते, तेच बदलावे लागते.

ते कोण बदलते? रखमाबाईंच्या आयुष्यात त्याचे उत्तर आहे. मालमत्ता मुलीच्या नावे करणारी आई. गर्भाधान रोखणारे वडील. पैसे आणि वेळ देणारे मित्र. पुढचा रस्ता दाखवणारी वरिष्ठ डॉक्टर. इजेला इजा म्हणणाऱ्या स्त्री-डॉक्टर. रखमाबाईंचा नकार त्यांचा स्वतःचा होता, पण तो टिकला तो या माणसांमुळे. आज तशी माणसे होणे तुलनेने सोपे आहे. पत्रिका हातात आली आणि मुलीचे वय कमी वाटले, तर अक्षता टाकायला न जाता १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करता येतो. मारहाण होत असलेल्या बाईसाठी १८१ हा क्रमांक आहे. आमच्यासारख्या रुग्णालयांचीही जबाबदारी आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या दिलासा केंद्राने दाखवून दिले की हिंसा सोसणारी बाई पोलिसांकडे जाण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरकडे येते आणि नीट, एकांतात विचारले तर बोलते.

म्हणून आता ओपीडीत वयाचा प्रश्न आला की मी सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसायला सांगतो, दार लोटतो, सिस्टरना जवळ थांबवून घेतो आणि मुलीलाच विचारतो. मुलगी अल्पवयीन निघाली, तर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ते आम्ही तिला आणि घरच्यांना समजावून सांगतो. खरे उत्तर यायला वेळ लागतो. कधी ते पहिल्या भेटीत येत नाही, तिसऱ्या भेटीत येते. पण तोपर्यंत तिला एवढे तरी कळलेले असते की या जागी उत्तर तिने द्यायचे आहे.